लाल कोटाचा काठ

1815 सालची वॉटर्लूची लढाई हौशी मंडळी आजही जुने गणवेष चढवून करून दाखवितात. त्यांतील जाणते लोक इंग्रज शिपायाचा लाल कोट शिवताना कित्येक ठिकाणी काठ दुमडीत नाहीत, कापला तसाच ठेवतात. शिंप्याचा आळस म्हणावा, तर तसे नाही. ते कापड म्हणजे बनात. विणलेले लोकरी कापड ओले करून लाकडी घणांखाली तासन्‌तास कुटले की ते आटते, तंतू एकमेकांत गुंततात, वीण दिसेनाशी होते. मग सूत सुटणार कोठून? पुढे काटेरी बोंडांनी लव उभी करायची आणि सुमारे 40 पौंडांच्या कात्रीने ती सारखी कातरायची. मालाचा भाव या शेवटच्या हातावर ठरे.

यॉर्कशरमधील या कातरकऱ्यांचे काम यंत्रे घेऊ लागली. त्यांनी आधी पार्लमेंटकडे अर्जच केले होते. उलट त्यांना आधार देणारे जुने कायदे 1809 साली रद्द झाले. 1812 साली त्यांनी यंत्रे फोडली. खून, गिरणीवरील हल्ला आणि लूट अशा आरोपांखाली जानेवारी 1813 मध्ये यॉर्क येथे 17 जणांना फाशी दिले गेले.