स्पेंटवॉश, टाक्या आणि काचेची कल्हई

पश्चिम महाराष्ट्रातून इकडे आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुणी ना कुणी सहकारी साखर कारखान्याचा सभासद असतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग ऊस आला, कारखाना आला, त्याच्या शेजारी डिस्टिलरी आली. आता तर इथेनॉलचे दिवस आहेत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्ये गाठले. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पण डिस्टिलरीच्या मागच्या दाराने जे बाहेर पडतं त्याचाही हिशेब एकदा मांडून पाहू या.

साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा चिकट पाक म्हणजे मळी. ती पाण्यात कालवून, यीस्ट घालून आंबवतात आणि उकळून अल्कोहोल वेगळे काढतात. मागे राहते ते स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १२ लिटर! कडक कॉफीच्या रंगाचे, कढत, आणि चांगलेच आंबट, पी.एच. चारच्या आसपास.

सांडपाण्यातली घाण खाऊन टाकायला जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, त्याला इंजिनिअर लोक बी.ओ.डी. म्हणतात. घरगुती सांडपाण्यात तो लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो. स्पेंटवॉशमध्ये ४० ते ६० हजार! रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या मध्यम डिस्टिलरीचे स्पेंटवॉश सहा लाख लिटर धरले, तर त्यातली घाण २०११ च्या शिरगणतीतल्या कोल्हापूर शहराच्या सांडपाण्याएवढी भरते. हे पाणी ओढ्यात गेले की प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. कृष्णा-पंचगंगेतल्या मेलेल्या माशांच्या बातम्या आपण इथे बसूनही वाचतो. त्याला गावांचे सांडपाणी आणि इतर उद्योगही कारण असतात, पण हे पाणी त्यात गेले तर काय होईल ते वरच्या आकड्यांवरून कळावे. कच्च्या खड्ड्यात साठवले तर झिरपून विहिरी तांबूस होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ च्या सनदेत डिस्टिलऱ्यांना नदीनाल्यात थेंबही न सोडण्याचे बंधन घातले, ते यासाठीच.

घाणीतून गॅस

गंमत अशी की या घाणीत भरपूर ऊर्जा आहे. हवाबंद टाकीत, म्हणजे डायजेस्टरमध्ये, काही दिवस ठेवले की जिवाणू तिचा गॅस करतात. आपल्या गोबर गॅसचेच हे मोठे भावंड. वरच्या उदाहरणातल्या डिस्टिलरीला रोज सुमारे १२ हजार घनमीटर मिथेन मिळू शकतो. उष्णतेच्या हिशेबाने तो साधारण तितक्याच लिटर डिझेलच्या बरोबरीचा. तो बॉयलरमध्ये जाळता येतो.

पण सगळा खेळ टाकीवर अवलंबून आहे. आंबट ताक पितळेच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून कल्हई. ताजे स्पेंटवॉश साठवणाऱ्या टाकीची तीच कथा. उघडे पोलाद त्यात लवकर गंजते. डायजेस्टरच्या आत आंबटपणा जातो, पण तिथे दुसरा शत्रू असतो. साखर पांढरी करताना गंधकाचा धूर देतात. त्या गंधकाचा काही भाग मळीतून डायजेस्टरपर्यंत येतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. टाकीच्या वरच्या भागात, ओल्या भिंतीवर, थोडीशी हवा मिळाली की काही जिवाणू त्याचे चक्क सल्फ्युरिक ॲसिड बनवतात. ते काँक्रीटही खाते आणि पोलादही. म्हणजे टाकी खालून नव्हे, वरून पोखरली जाते. बाहेरून मात्र सगळे ठीकठाक दिसते.

बेसमेंटमधली तीच युक्ती

यावरचा एक चांगला उपाय आपल्या इथल्या घराच्या बेसमेंटमध्ये आहे. वॉटर हीटरची टाकी पोलादाची असते, पण आतून तिला काचेचा थर असतो. मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९३० च्या दशकात बिअरच्या टाक्यांना आणि मग वॉटर हीटरला हा थर दिला. १९४९ पासून त्यातूनच हार्वेस्टोर सायलो निघाले. विस्कॉन्सिन-आयोवाच्या बाजूला ड्राइव्ह करताना शेतात गडद निळे, चकचकीत सायलो दिसतात ना, तेच.

कारखान्यात पोलादाचे पत्रे कापून, भोके पाडून, खरखरीत करून त्यांवर काचेच्या भुकटीचा लेप फवारतात आणि ८०० अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. काच वितळून पोलादाला चिकटते. थर जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर, पण आम्लाला दाद देत नाही. मग विजेचा दाब देऊन कुठे सुईएवढे छिद्र राहिले का ते तपासतात. जागेवर वेल्डिंग नाहीच. पत्रे नटबोल्टने जोडायचे. तेही आधी वरची कडी जोडायची, जॅकने उचलायची आणि खाली पुढची कडी बसवायची. म्हणजे टाकी छपरापासून खाली बांधत आणतात! कामगारांना उंचावर चढावे लागत नाही.

याचे दुखणे कुठे आहे? पत्र्यांच्या कडा, बोल्ट आणि सांध्यातला मसाला. काचेला टवका गेला तर जागेवर ती पुन्हा भाजता येत नाही, मलमपट्टीच करावी लागते. नंतर कुणी पाइपसाठी ड्रिल मारले किंवा वेल्डिंग केले की सगळे मुसळ केरात. इपॉक्सीचा थर स्वस्त पडतो आणि नीट दिला तर कामही देतो, पण कढत पाण्यात त्याची कसोटी लागते.

टाकीच्या पुढे

चांगली टाकी म्हणजे सगळे झाले असे नाही. डायजेस्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा काळा रंग जात नाही आणि थोडीफार घाणही उरते. ते आटवून घट्ट करतात. मग उसाच्या रसातून निघालेल्या गाळावर, म्हणजे प्रेसमडवर, शिंपडून खत करतात किंवा खास बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेत पोटॅश असते आणि ती खत म्हणून विकली जाते. पण पावसाळ्यात उघड्यावर खत होत नाही, त्यामुळे तोवर पाणी सांभाळायलाही पुन्हा न गळणारी साठवणच लागते.

गावी गेलात आणि कारखान्याच्या वार्षिक सभेचा विषय निघाला, तर उसाच्या दराबरोबर आणखी चार प्रश्न विचारायला घरच्यांना जरूर सांगा. स्पेंटवॉशच्या टाक्यांना आतून कसला थर आहे? टाकी रिकामी करून वरचा भाग शेवटचा कधी तपासला? त्यासाठी आत उतरणाऱ्या माणसाआधी हवा मोजतात का, कारण या गॅसने क्षणात जीव जातो? आणि आसपासच्या विहिरींचे पाणी कोण तपासते? कारखाना सभासदांचा आहे आणि विहिरीही त्यांच्याच आहेत. तेव्हा उत्तर मागण्याचा हक्क त्यांना आहेच.