निर्वासितांची मुले आणि कायद्याची मुदत

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कायद्याचे पहिले शिक्षण मिळते ते कलमांचे नव्हे, तारखांचे. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. पण मालकाची बाजू लंगडी असली की त्याचा वकील वाद घालीत नाही, मुदत मागतो, एवढे आम्ही लेबर कोर्टाच्या बाकावर बसून शिकलो. कामावरून काढलेल्या माणसाचा निकाल लागेपर्यंत तो निवृत्तीच्या वयाला येतो, आणि मग त्याला परत कामावर घेण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून युरोपातील निर्वासितांचे खटले वाचताना ते आम्हांला परके वाटले नाहीत. फरक एवढाच की, येथे माणूस म्हातारा होण्याची वाट पाहिली जाते, तेथे मूल अठरा वर्षांचे होण्याची.

मूळ हक्क काय आहे ते आधी पाहू. निर्वासितांविषयीचा १९५१ चा जिनिव्हा करार माणसाला आश्रय देतो. पण मागे राहिलेल्या बायकामुलांना बोलावून घेण्याविषयी त्याच्या कलमांत शब्द नाही. ती उणीव युरोपीय संघाने २००३ च्या एका निर्देशाने भरून काढली. संघाच्या बहुतेक देशांवर तो बंधनकारक आहे. निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्याला आपला जोडीदार व अज्ञान मुले, म्हणजे अठरा वर्षांखालील मुले, आणता येतात; आणि एकट्याच येऊन पोहोचलेल्या अज्ञान मुलाला आपल्या आईबापांना आणता येते. घर सोडून पळालेल्याजवळ जन्माचा दाखला असेलच असे नाही. तेव्हा केवळ कागद नाहीत एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येणार नाही, असेही त्यात लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांना संसार ठाऊक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मग अडले कोठे? अठरा वर्षे मोजावयाची कोणत्या दिवशी, हे त्यात सांगितलेले नव्हते.

एरिट्रियातील एक मुलगी एकटीच नेदरलँड्समध्ये पोहोचली. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी तिने आश्रयासाठी अर्ज केला, तेव्हा ती अज्ञान होती. २ जूनला तिला अठरा वर्षे पूर्ण झाली. सरकारने आश्रय मंजूर केला तो २१ ऑक्टोबरला. २३ डिसेंबरला तेथील निर्वासित-साहाय्य संस्थेने तिचे आईवडील व तीन धाकटे भाऊ यांच्यासाठी अर्ज दाखल केला. उत्तर आले की, अर्ज केला त्या दिवशी मुलगी सज्ञान होती, सबब नामंजूर. म्हणजे अर्ज कार्यालयात पडून असताना मुलगी मोठी झाली, आणि तो दोष तिच्या माथी! आईवडिलांनी हा वाद हेगच्या न्यायालयात नेला. तेथून प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेला व १२ एप्रिल २०१८ रोजी निकाल लागला. आश्रयाचा अर्ज केला त्या दिवशी मूल अज्ञान असेल, तर या हक्कापुरते ते अज्ञानच धरले पाहिजे.

या निकालाची कारणमीमांसा आम्हांला निकालाहून मोलाची वाटते. न्यायालय म्हणते की, एकाच वयाच्या दोन मुलांनी एकाच दिवशी अर्ज केले आणि एकाचा लवकर निघाला, दुसऱ्याचा उशिरा, तर एकाला आईबाप मिळतील आणि दुसऱ्याला मिळणार नाहीत. आणि हा उशीर मुलाच्या हातात नसतो. तो कार्यालयावर किती काम आहे यावर अवलंबून असतो, आणि तेथे किती नोकर नेमावयाचे या सरकारच्या राजकीय निर्णयावरही! कारकुनांच्या संख्येचा व नागरिकाच्या हक्काचा संबंध इतक्या उघडपणे न्यायासनावरून सांगितलेला आम्ही तरी क्वचितच पाहिला आहे.

याच मार्गाने १ ऑगस्ट २०२२ रोजी दुसरा निकाल आला. येथे बाप जर्मनीत होता व मूल बाहेर. सीरियन बापाने २०१६ मध्ये आश्रय मागितला. जानेवारी २०१७ मध्ये मूल अठराचे झाले. जुलैत बापाला मान्यता मिळाली. ऑगस्टमध्ये इस्तंबूलच्या जर्मन वाणिज्य दूतावासात मुलाचा अर्ज गेला व फेटाळला गेला. बापाने आश्रय मागितला त्या दिवशीचे वय मोजा, असे न्यायालयाने ठरवले. नाते खरे असले पाहिजे, पण एका छपराखाली राहण्याची सक्ती नाही. भेटीगाठी व नियमित संपर्क पुरेसा ठरू शकतो, हेही सांगितले.

दोन्ही निकालांना एक अट मात्र जोडलेली आहे. आश्रय मंजूर झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत कुटुंबासाठी अर्ज गेला पाहिजे. वरच्या मुलीचा अर्ज दोन महिने दोन दिवसांनी गेला होता. नवखा देश, परकी भाषा, हातात सरकारी लखोटा. त्यात ही मुदत सांगणारा कोणी भेटला नाही तर हक्क कागदावरच राहतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण घरदार असणाऱ्यांसाठी आहे. जर्मनीत तर मुदत हुकली की स्वतंत्र उत्पन्न व पुरेशी जागा दाखवण्याची मागणी होऊ शकते. ती टाळावयाची तर निर्वासिताने स्वतःच मुदतीत साधी लेखी सूचना द्यावी, एवढ्यानेही मुदत राखली जाते. सल्लागाराचे निम्मे काम ही एक चिठ्ठी वेळेवर लिहवून घेण्याचे असते.

इंग्लंडला हा निर्देश कधीच लागू नव्हता. तेथे हक्क होता, पण एप्रिल २०१३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अशा प्रकरणांतील सरकारी खर्चाची वकिली मदत सामान्यतः बंद झाली. अपवाद म्हणून मागावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर या मार्गाचे नवे अर्ज घेणेच थांबवण्यात आले.

जर्मनीतही ज्यांना पूर्ण निर्वासित न मानता दुय्यम संरक्षण दिले जाते, ते या निर्देशाच्या कक्षेत येत नाहीत. सीरियातून आलेल्या पुष्कळांची गणना यातच झाली. त्यांच्यासाठी २०१६ ते २०१८ पर्यंत दरवाजा बंद होता. ऑगस्ट २०१८ पासून महिन्याला एक हजार परवाने, असा कोटा आला. आणि जुलै २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने तोही दोन वर्षांसाठी स्थगित झाला. असाधारण हलाखीची प्रकरणे तेवढी वगळली आहेत. जे मूल त्या दिवशी सोळा वर्षांचे होते, त्याच्यासाठी आता वकिलाला ती हलाखीच सिद्ध करून दाखवावी लागते.