निवडीचं रेशन, साठ्याचं गणित

इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरला रेशन दुकानात निवडीला जागा नाही. अंगठा लावला की ठरलेलं धान्य मिळतं: प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो. 2022च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला, तोही बांधलेलाच. 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर किलो-किलो आणि लिटरभर पामतेल. घरात मधुमेह असला तरी साखर घ्यायचीच!

अमेरिकेतल्या अनेक मोफत अन्नकेंद्रांत मात्र लोक दुकानासारखं फिरून हवं ते उचलतात. तिथं 2020 साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मीठ, साखर आणि संपृक्त चरबी पाहून जिन्नस हिरव्या, पिवळ्या, लाल गटांत लावता येतात.

खरी मेख साठ्यात आहे. निवड दिली की मागणी बदलते. आपल्याकडं असं केंद्र निघालं, तर शाळू आणि तूरडाळ आधी संपेल, बिस्किटं मागं राहतील, की उलट होईल? ते नोंदीवरूनच कळणार. म्हणून आलं किती याबरोबर उचललं किती, वाया किती, हेही जिन्नसवार लिहायचं आणि पुढची खरेदी त्यावर ठरवायची. देणगीदारालाही 'काहीही द्या' न म्हणता 'मटकी द्या' असं सांगायचं. जुना माल पुढं, नवा मागं. पालेभाजी मात्र वाटपाच्या दिवशी सकाळीच आणायची. कोल्हापुरी उन्हाळ्यात मेथी संध्याकाळपर्यंत तग धरत नाही.