पाहुण्यापुढें कोणता चिरूट ठेवावा ?

घरीं आलेल्या पाहुण्यास बसावयास आसन, पिण्यास पाणी व निघतांना विडा देण्याचा प्रघात आपल्या देशांत फार जुना आहे. विडी हा शब्ददेखील त्या विड्याचाच वंशज होय. कालमानानें विड्याच्या तबकांत तंबाखू शिरली, तबकाशेजारीं विडीचें बंडल आलें, आणि आतां समुद्रकांठच्या कांहीं सधन बागाइतदारांच्या ओसरीवर चिरुटांची पेटीहि दिसूं लागली आहे. डहाणू, घोलवड, बोर्डी या बाजूस मुंबईचे पाहुणे सुटीच्या दिवशीं येतात; परदेशीं राहणारे आप्त अशा पेट्या भेटीदाखल आणतात. मग यजमानास प्रश्न पडतो कीं, यांतील कोणता चिरूट कोणापुढें करावा. हा विषय शेतकीच्या मासिकांत कशास, असें कोणी म्हणेल. परंतु तंबाखू हें शेतांत पिकणारें पान आहे, त्याचा कडकपणा बव्हंशीं शेतांतच ठरतो, आणि पाहुणचारांत झालेली चूक कधीं कधीं पाहुण्याच्या अंगावर येते. म्हणून चार शब्द लिहितों.

प्रथम स्वतःचा एक अनुभव सांगतों. महसूल खात्यांत कारकून असतां, वादळानें पडलेल्या चिकूच्या झाडांचा पंचनामा करण्यासाठीं आम्ही एका वाडींत गेलों होतों. सकाळपासून झाडें मोजीत होतों; पोटांत चहाखेरीज कांहीं नव्हतें. आमच्याबरोबर एक वृद्ध वारली गडी मोजलेल्या प्रत्येक झाडास चुन्याचा ठिपका देत होता. दुपारीं ओसरीवर बसतांच यजमानांनीं पेटी उघडली, साहेबांस एक व “घ्या, भाऊसाहेब” म्हणून मला एक, असे जाड, काळसर चिरूट दिले, आणि त्या गड्याकडे विडीचें बंडल पायरीवर टाकलें. मी सणासुदीस एखादी विडी ओढणारा. विडीचा झुरका घ्यावा तसा मीं चिरुटाचा धूर छातींत ओढला. थोड्याच वेळांत कपाळास थंड घाम सुटला, ओसरी फिरूं लागली, आणि पंचनाम्याचे कागद हातांत धरूनच मी पायरीशीं ओकलों. यजमान ओशाळले, साहेब हंसले. त्या वृद्धानें मात्र चुन्याचें डबडें खालीं ठेवलें, मला धरून वाऱ्यावर नेलें, पाणी पाजलें व गुळाचा खडा तोंडांत दिला. पायरीवरचें बंडल त्यानें उचललें नव्हतें. संध्याकाळीं आम्ही निघालों तेव्हां तें तेथेंच होतें.

या एका प्रसंगांत तीन चुका झाल्या. नवख्यास कडक वस्तु दिली. ती उपाशीपोटीं दिली. आणि मनुष्य पाहून धुराची जात ठरविली. या तिहींचा क्रमानें विचार करूं.

कडक व सौम्य कसें ओळखावें

तंबाखूंतील जोर निकोटिन नांवाच्या द्रव्याचा असतो. माव्यावर मारण्यासाठीं तंबाखूचा काढा पुष्कळ शेतकऱ्यांनीं केला आहे. त्या काढ्यानें किडे मरतात ते याच द्रव्यानें. तंबाखूच्या रोपाचा शेंडा खुडला व बगलेचे फुटवे काढले म्हणजे हें द्रव्य वरच्या पानांत अधिक सांठतें. म्हणून एकाच झाडाचीं बुडखीं पानें हलकीं, मधलीं मध्यम व शेंड्याकडचीं कडक असतात. परदेशी कारागीर यांस अनुक्रमें व्होलाडो, सेको व लिगेरो म्हणतात, आणि त्यांच्या मिश्रणावर चिरुटाचा जोर ठरवितात.

चिरुटाचे तीन भाग असतात: आंतील भरण, तें आवळून धरणारें पान, आणि वरचें वेष्टन. पुष्कळांचा समज असा कीं वेष्टन काळें तर चिरूट कडक, पिंवळट तर सौम्य. हा समज पुरा खरा नाहीं. वेष्टन अधिक काळ मुरविल्यानें काळें होतें व तें चवीस गोडसरहि असूं शकतें. जोर मुख्यत्वें भरणांत असतो. म्हणून रंगावर न जातां पेटीवर सौम्य, मध्यम कीं कडक असें काय लिहिलें आहे तें पाहावें, अथवा विकणाऱ्यास विचारावें. जेथें कांहींच कळत नाहीं, तेथें तो चिरूट नवख्यास न देणें हेंच शहाणपणाचें.

आकारहि महत्त्वाचा आहे. एका विडींत सुमारें पाव ग्रॅम किंवा त्याहून कमी तंबाखू असते, सिगारेटींत एक ग्रॅमच्या आंतबाहेर. परंतु मोठ्या चिरुटांत सिगारेटीच्या सबंध पाकिटाइतकी तंबाखू मावूं शकते, व तो ओढण्यास तास दीड तास लागतो. प्रसंगविशेषींच ओढणाऱ्या पाहुण्यास असा चिरूट देणें म्हणजे तांब्याभर पाणी मागणाऱ्यावर घागर रिकामी करणें होय. त्यास चार ते पांच इंच लांबीचा, अर्ध्या तासांत संपणारा, सौम्य भरणाचा चिरूट पुरे. तो अगदीं काडीसारखा बारीकहि नसावा. बारीक चिरूट तापून जळतो व जीभ भाजतो.

देशी मालाविषयीं दोन शब्द. चिरूट हा शब्दच तमिळ भाषेंतील गुंडाळणें या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि त्रिचनापल्ली व दिंडिगल या भागाचे चिरूट इंग्रजी अमदानींत विलायतेपर्यंत प्रसिद्ध होते. त्याच भागांत वेदसंदूर येथें चिरुटाच्या तंबाखूचें, आणि बंगालमध्यें दिनहाटा येथें वेष्टनाच्या पानाचें संशोधन सरकारतर्फें झालें. आपल्याजवळचीं चरोतर व निपाणी हीं क्षेत्रें विडीच्या तंबाखूचीं. तें पान चिरुटाच्या कामाचें नव्हे. दोन्ही टोंकें उघडीं असलेला साधा देशी चिरूट बहुधा कडक असतो. तो सराईतानें ओढावा, नवख्यानें नव्हे.

पारख व सांठवण

चिरूट बोटांत हलकेंच दाबून पाहावा. तो किंचित् दबून पुन्हा वर यावा. कुरकुरला तर वाळला आहे. लिबलिबीत लागला तर दमटला आहे. वेष्टनावर टाचणीच्या टोंकाएवढें भोंक दिसलें तर आंत किडा आहे असें समजावें. हा तांबूस तपकिरी बारीक किडा हळद, मिरची व सुंठ यांतहि होतो, तेव्हां आपणांस तो अपरिचित नाहीं. पांढरी बुरशी दिसल्यास तो चिरूट फेंकून द्यावा. पुसून पाहुण्यापुढें करूं नये.

चिरुटास हवेंत शेंकडा ६५ ते ७० ओलावा मानवतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत ओलावा याहून पुष्कळ चढतो. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत मोठी पेटी उघडून ठेवूं नये. लागतील तेवढेच नग घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावे. किड्याचा संशय असल्यास डबा प्लास्टिकच्या पिशवींत बांधून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत चार पांच दिवस ठेवावा, व मग एकदम उन्हांत न आणतां हळूहळू निववावा. चिरूट वास चटकन् धरतो. मसाल्याच्या डब्याशेजारीं किंवा सुक्या बोंबलांच्या खोलींत ठेवलेला चिरूट कितीहि मोलाचा असला तरी वायां गेला असें समजावें.

केव्हां व कसा द्यावा

उपाशीपोटीं कधींहि देऊं नये. जेवण झाल्यावर, ओसरीवर वारा असेल त्या बाजूस बसवून, जवळ पाणी व कांहीं गोड ठेवून द्यावा. पाहुणा नवखा असल्यास अगोदर सांगावें कीं, धूर छातींत घ्यावयाचा नाहीं, तोंडांत घेऊन सोडावयाचा. मिनिटास एकापेक्षां जास्त झुरका नाहीं. आणि अर्धा राहिला तरी टाकण्यास संकोच नाहीं. घाम, मळमळ किंवा भोंवळ यांचें चिन्ह दिसतांच चिरूट काढून घ्यावा, मोकळ्या हवेंत बसवावें व पाणी द्यावें. लौकर बरें न वाटल्यास डॉक्टरकडे न्यावें. तंबाखूच्या ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांसहि हीच बाधा होते. तेथें तें द्रव्य कातडींतून आंत जातें.

धूर गिळला नाहीं म्हणजे अपाय नाहीं, असेंहि नव्हे. तंबाखूस चुना लावून मळली कीं ती तोंडांत लौकर लागते, हें सर्वांस ठाऊक आहे. चिरुटाचा धूर मुळांतच क्षारधर्मी असल्यामुळें त्याचें निकोटिन तोंडाच्या आंतील कातडींतूनच रक्तांत जातें. तोंड, घसा व अन्ननलिका यांचा कर्करोग चिरूट ओढणारांतहि होतो.

विझलेला तुकडा कोठें टाकावयाचा हें यजमानानें आधींच दाखवावें. आपल्या तालुक्यांत गवत हें मोठें उत्पन्न. कापणीनंतर माळ व गंजी एका ठिणगीची वाट पाहात असतात. वाळूचें डबडें ओसरीवर असावें.

कोणापुढें करूं नये

पारशी व इराणी बंधूंस अग्नि हें दैवत आहे. त्यास तोंडाचा उच्छ्वास व धूर लावणें त्यांच्या धर्मास मान्य नाहीं. संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नि बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरावरील लेण्यांत बारा वर्षें जपला होता, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या डोंगराच्या पायथ्याशीं राहून इराणी बागाइतदारापुढें चिरूट व काडेपेटी करणें शोभत नाहीं. त्यानें स्वतः मागितल्यास गोष्ट निराळी. शीख गृहस्थ व स्वामीनारायण पंथाचे अनुयायी यांसहि तंबाखू वर्ज्य आहे. गर्भवती स्त्री, लहान मूल, दमेकरी किंवा हृदयविकारी मनुष्य ओसरीवर असल्यास पेटी उघडूंच नये.

मुलांविषयीं विशेष जपावें. पुष्कळ घरीं चिरूट पेटवून आणण्यास किंवा दुकानांतून विडी आणण्यास मुलास पाठवितात. २००३ च्या कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें गुन्हा आहे, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मुलास ती देणें हाहि सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र असा अपराध आहे. सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनीं बंदी आहे. तेव्हां संस्थेच्या सभेंत, ग्रामपंचायतींत किंवा शाळेंत पाहुणचार म्हणूनहि चिरूट पेटवूं नये.

साहेबास चिरूट, गड्यास विडी

तिसरी चूक मला सर्वांत मोठी वाटते. विडी स्वस्त म्हणून ती सौम्य असें पुष्कळ समजतात. वस्तुतः टेंभुर्णीच्या किंवा आपट्याच्या पानांतून हवा जात नसल्यामुळें विडी विझूं नये म्हणून वरचेवर ओढावी लागते, आणि तिच्या धुरांतील विषारी द्रव्यें सिगारेटीच्या धुरापेक्षां कमी नसून अधिक असतात. म्हणजे गड्यास आपण हलकी वस्तु दिली असें वाटतें, पण अपाय मात्र कमी नसतो.

परंतु प्रश्न केवळ अपायाचा नाहीं. याच मुलुखांत मे १९४५ मध्यें तलासरीकडील झरी गांवीं वारली मंडळी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं जमली, व वेठ न करण्याचा निश्चय झाला. त्याच सालीं गवताच्या कापणीच्या मजुरीसाठीं संप झाला. त्या गोष्टीस आतां आठ दशकें होऊन गेलीं. वेठ गेली; पण पायरीवर बंडल टाकण्याची संवय ज्या घरीं उरली असेल, तेथें वेठीची आठवणहि उरली आहे. जें द्यावयाचें तें हातांत द्यावें, आणि एका ओसरीवर बसलेल्यांस एकच वस्तु द्यावी. सर्वांस पुरेल एवढे चिरूट नसतील तर कोणासच देऊं नयेत.

प्रसंगीं ओढणाराविषयीं

आतां शेवटची गोष्ट. माझ्या खात्यांतील एक सोबती स्वतः कधींहि तंबाखू विकत घेत नसे. कोणी दिली तरच ओढी. परंतु आमचें काम गांवोगांव फिरण्याचें. प्रत्येक ओसरीवर यजमान पेटी, पाकीट किंवा बंडल पुढें करी, आणि नाहीं म्हणणें उद्धटपणाचें वाटे. कित्येकांच्या मनांत आदराबरोबर चिरीमिरीचाहि हेतु असे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. अशा रीतीनें प्रसंगीं ओढणारा तो गृहस्थ निवृत्त होईपर्यंत तंबाखूवांचून घटकाभर राहीना. पुढें त्याचें तोंड उघडेनासें झालें व शस्त्रक्रिया करावी लागली. त्यास हें व्यसन आम्हां सर्वांच्या पाहुणचारानेंच लाविलें. मीहि माझ्या विडींतून त्यास कितीदां तरी अर्धी दिली आहे.

म्हणून पेटी उघडी मांडून ठेवूं नये. पाहुण्यानें मागितल्यास, व तो सराईत असल्यास, वर सांगितल्याप्रमाणें निवडून द्यावा. न मागणाऱ्यास आग्रह करूं नये. आणि “नको” म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारूं नये. तंबाखूऐवजीं सुपारी पुढें करण्यानेंहि दोष टळत नाहीं, कारण सुपारीहि कर्करोगास कारण होते असें आतां सिद्ध झालें आहे.

पाहुण्यापुढें ठेवण्यासारखें आपल्या वाडींत दुसरें पुष्कळ आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. उन्हाळ्यांत ताडगोळे आहेत. पिकलेला चिकू कापून सर्वांस एकाच ताटांतून दिला तर साहेब, कारकून व झाडें मोजणारा गडी तिघेहि तो घेतात, आणि पायरीवर कांहीं पडून राहात नाहीं.