रोमचे पॅट्रिशियन: दार उघडलं, पण कोणासाठी?

मागच्या वेळी आपण राजा टार्क्विनला रोममधून घालवून दिलं तिथपर्यंत आलो होतो. परंपरेनुसार ते वर्ष इ.स.पू. 509. राजा गेला आणि त्याच्या जागी दरवर्षी निवडून येणारे दोन कॉन्सल आले. आता साधा प्रश्न असा, की राजाची सत्ता गेली कोणाकडे? जनतेकडे? नाही. ती गेली मूठभर घराण्यांकडे. त्यांनाच आपण पॅट्रिशियन म्हणतो.

लॅटिनमध्ये ‘पात्रेस’ म्हणजे वडील. सिनेटच्या सभासदांनाही हाच शब्द होता. रोमन लोक सांगायचे की रोम्युलसने शंभर ‘वडील’ निवडले आणि त्यांचे वंशज ते पॅट्रिशियन. उरलेले सगळे प्लेबियन. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू या: प्लेबियन म्हणजे गरीब असं नव्हे. त्यांच्यात कर्जात बुडालेला शेतकरी होता, तसा भरपूर जमिनीचा मालकही होता. फरक जन्माचा होता, पैशाचा नव्हे. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

ही हकीकत आपल्याला मुख्यतः लिव्ही सांगतो, आणि तो या घटनांनंतर तीनशे ते पाचशे वर्षांनी, ऑगस्टसच्या काळात लिहीत होता. सुरुवातीच्या कॉन्सलांच्या यादीत काही नावं अशी आहेत, जी पुढे प्लेबियन घराण्यांची म्हणून ओळखली जातात. खुद्द पहिला कॉन्सल ब्रूटस हा युनियस घराण्यातला, आणि पुढचे युनियस प्लेबियन होते. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ही भिंत पहिल्या दिवसापासून उभी नव्हती, ती हळूहळू बांधली गेली.

मग या घराण्यांचं बळ कशात होतं? जमिनीत होतंच. पण त्याहून मोठं बळ होतं ते किल्ल्या हातात असण्यात. पहिली किल्ली धर्माची. निवडणूक असो, सभा असो की लढाई, आधी शकुन बघायचा, पक्ष्यांवरून देवांचा कौल घ्यायचा. पॅट्रिशियनांचा दावा असा, की हा कौल घेण्याचा अधिकार मुळात आमचाच. दोन्ही कॉन्सल मरण पावले तर हा अधिकार ‘वडिलांकडे परत जातो’ असं मानत, आणि नवी निवडणूक घेणारा हंगामी अधिकारी पॅट्रिशियनच असावा लागे. दुसरी किल्ली कायद्याची. कोणत्या दिवशी न्यायालय बसणार आणि दावा कोणत्या शब्दांत मांडायचा, हे पुरोहितांना ठाऊक. शब्द चुकला की दावा गेला. आणि पुरोहित कोण? पॅट्रिशियन. तिसरी गोष्ट आश्रितांची. मोठ्या माणसाच्या आधाराने राहणारी कुटुंबं त्याच्या मागे उभी असायची, मतालाही आणि भांडणालाही.

शिवाय मतदानाची पद्धत बघा. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत 193 गट होते आणि प्रत्येक गटाला एक मत. त्यातले 18 गट घोडेस्वारांचे, 80 गट सर्वांत श्रीमंत वर्गाचे. बेरीज 98. म्हणजे बहुमत तिथेच झालं! ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही, अशा सगळ्यांचा मिळून एक गट. त्याची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा निकाल लागलेला असायचा.

या सगळ्याला सामान्य प्लेबियनांनी काय उत्तर दिलं? ते निघून गेले. इ.स.पू. 494 मध्ये, कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसांना बांधून नेलं जात होतं, तेव्हा प्लेबियन सैनिक शहर सोडून आनिओ नदीपलीकडच्या पवित्र टेकडीवर जाऊन बसले. हा एका अर्थाने संपच. समजूत काढायला मेनेनियस अग्रिप्पा गेला आणि त्याने पोट आणि अवयवांची गोष्ट सांगितली. इसापाच्या नावावरही ती आपण वाचतो: हातापायांनी पोटाला उपाशी ठेवलं आणि स्वतःच खंगले. गोष्ट छानच, पण लोक नुसत्या गोष्टीवर परतले नाहीत. त्यांनी ट्रिब्युन हे पद मिळवलं. ट्रिब्युन प्लेबियनच असणार, त्याच्या अंगाला हात लावणं हे पाप, आणि अधिकाऱ्याच्या तावडीतून माणूस सोडवण्याचा त्याला हक्क.

पुढची दोनशे वर्षं एकेक दार उघडत गेलं. इ.स.पू. 451-450 मध्ये कायदे बारा फलकांवर लिहिले गेले. पण त्यातच पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बंदी होती! ती 445 मध्ये कॅन्युलियस या ट्रिब्युनने उठवली. 304 मध्ये नेअस फ्लेवियस या कारकुनाने, एका मुक्त केलेल्या गुलामाच्या मुलाने, न्यायालयाच्या दिवसांचं कॅलेंडर पांढऱ्या फळ्यावर लिहून फोरममध्ये लावलं आणि दाव्यांचे ठरीव शब्दही उघड केले. एकदा तो आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला, तर तिथे बसलेले बड्या घरचे तरुण उठून उभे राहिले नाहीत. त्याने आपली अधिकाराची खुर्ची तिथेच मागवली आणि त्यांच्यासमोर बसला. 300 मध्ये पुरोहितपदंही प्लेबियनांना खुली झाली.

पण खरी मेख आहे ती इ.स.पू. 367 मध्ये. लिसिनियस आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्युननी तीन मागण्या एकत्र बांधल्या: कर्जात सवलत, सार्वजनिक जमिनीवर माणशी 500 युगेरांची, म्हणजे सुमारे सव्वाशे हेक्टरांची मर्यादा, आणि एक कॉन्सल प्लेबियन. लिव्ही सांगतो की लोक पहिल्या दोन मागण्या मंजूर करायला तयार होते, तिसरीची त्यांना फारशी घाई नव्हती. ट्रिब्युन म्हणाले, घ्यायचं तर तिन्ही एकत्र घ्या. का? कारण कर्ज आणि जमीन ही गरिबाची गरज होती, तर कॉन्सलपद ही श्रीमंत प्लेबियनाची. गरिबाच्या गरजेवर बसून श्रीमंताची मागणी पार झाली. पुढच्याच वर्षी सेक्स्टियस स्वतः कॉन्सल झाला. आणि लिसिनियस? लिव्हीच्याच म्हणण्यानुसार 357 मध्ये त्याला त्याच्याच कायद्याखाली दंड झाला. मुलाला कागदोपत्री वेगळं करून दोघांच्या नावावर त्याने 1000 युगेरा जमीन ठेवली होती!

287 मध्ये प्लेबियनांच्या सभेचे ठराव सगळ्या रोमला बंधनकारक झाले. कागदावर लढा जिंकला. पण मग सत्ता कोणाकडे? फेबियस, कॉर्नेलियस, क्लॉडियस ही जुनी घराणी होतीच, त्यांच्या शेजारी आता काही श्रीमंत प्लेबियन घराणी येऊन बसली. सोयरिकी झाल्या. ज्याच्या घरात पूर्वी कॉन्सल झाला तो ‘नोबिलिस’, म्हणजे नामांकित. पॅट्रिशियन हरले नाहीत, त्यांनी आपल्या पंगतीत आणखी काही पानं मांडली. दाराबाहेरचा शेतकरी बाहेरच राहिला.

त्याचा हिशोब इ.स.पू. 133 मध्ये पुढे आला. टायबेरियस ग्रॅकस हा ट्रिब्युन, वडिलांकडून प्लेबियन, आईकडून थेट स्किपिओ आफ्रिकानसचा नातू. त्याने जमिनीची तीच जुनी मर्यादा पुन्हा लागू करायला घेतली. सिनेटरांचा जमाव त्याच्यावर चालून गेला. पुढारी होता स्किपिओ नासिका, पॅट्रिशियन आणि मुख्य पुरोहित. बाकांचे तुटके पाय घेऊन ट्रिब्युनला, ज्याच्या अंगाला हात लावणं पाप, त्यालाच ठार मारलं आणि प्रेत टायबर नदीत टाकलं. मारणाऱ्यांमध्ये प्लेबियन घराण्यांतले सिनेटरही होतेच, कारण तोवर सिनेटमध्ये त्यांचीच भरती होती. आता भांडण जन्माचं नव्हतं, ते असलेल्यांचं आणि नसलेल्यांचं होतं.

आणि शेवट बघा. इ.स.पू. 23 मध्ये ऑगस्टसने ट्रिब्युनचे अधिकार कायमचे घेतले. तो ट्रिब्युन होऊ शकत नव्हता, कारण तो पॅट्रिशियन होता. म्हणून पद न घेता नुसते अधिकार घेतले, आणि पुढचे सम्राट आपल्या राज्याची वर्षं त्या अधिकारावरून मोजू लागले. कर्जदार सैनिकांनी टेकडीवर बसून मिळवलेली ढाल पाचशे वर्षांच्या आत सम्राटाच्या हातात गेली.

म्हणून रोमचा हा इतिहास वाचताना आपण दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. दार उघडलं का, हा एक. आणि उघडल्यावर आत कोण गेलं, हा दुसरा. रोमने पहिल्याचं उत्तर दोनशे वर्षांत दिलं. दुसऱ्याचं उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने बाकांचे पाय उपसले.