लपविलेली टपालपेटी

गेल्या आश्विनांत अमेरिकेंतून माझ्या भाच्याचें पत्र आलें. त्यांत एक ओळ अशी होती : "मामा, दादामामाच्या नांवाची एक टपालपेटी इथल्या तळ्याकांठच्या बागेंत लपवून ठेवली आहे." दादामामा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दोन वर्षांपूर्वीं वारला. दादरची चौपाटी सोडून जो सहसा कोठें गेला नाहीं, त्याच्या नांवानें परमुलखांतील तळ्याकांठीं पेटी, आणि तीहि लपविलेली! टपालाची पेटी कोणाला दिसूंच नये, तर तिचा उपयोग काय? चौकशी करतां जें कळलें तें आज आपणांस सांगतों.

ह्या छंदाचा उगम इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत, डार्टमूरच्या ओसाड माळावर आहे. तेथें क्रॅनमियर पूल नांवाची एक दलदलीची जागा आहे. नांवांत डोह असला तरी पाणी असें तेथें फारसें नाहीं. चॅगफर्ड गांवचा वाटाड्या जेम्स पेरट ह्यानें १८५४ सालीं तेथें एक बाटली ठेविली. जो कोणी तेथवर पोहोंचेल त्यानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें, एवढाच हेतु. पुढें लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलें पोस्टकार्ड ठेवूं लागले, आणि मागून येणारा वाटसरू तें उचलून टपालांत टाकूं लागला. आपलें कार्ड घरीं केव्हां पोहोंचणार, हें मागच्याच्या पायांवर अवलंबून! टपालपेटी हें नांव पडलें तें ह्यावरून. १९०५ सालीं तेथें सह्यांची वही आली. रबरी शिक्का मागाहून आला.

आजची पेटी म्हणजे घट्ट झांकणाचा एक लहानसा डबा. आंत एक वही व एक शिक्का, बहुधा हातानें कोरलेला. ठेवणारा वाटेच्या खुणा कोड्यासारख्या लिहितो : अमुक झाडापासून पूर्वेस इतकीं पावलें, मग तिसऱ्या दगडाच्या मागें. शोधणारा स्वतःचा शिक्का आणि वही घेऊन निघतो. पेटी सांपडली कीं आपला शिक्का तिच्या वहींत व तिचा आपल्या वहींत उमटवावयाचा, आणि कोणी पाहत नाहीं असें पाहून डबा होता तसा ठेवावयाचा. चोरानें न्यावें असें त्यांत कांहींच नसतें. अमेरिकेंत हें वेड पसरलें तें मुख्यतः १९९८ सालीं 'स्मिथसोनियन' मासिकांत आलेल्या एका लेखामुळें.

मृताच्या स्मरणार्थ पेटी ठेवण्याची रीतहि डार्टमूरवर जुनीच आहे. त्या माळाचा मार्गदर्शक ग्रंथ १९०९ सालीं लिहिणारा विल्यम क्रॉसिंग १९२८ सालीं वारला; १९३८ सालीं डक्स पूल येथें त्याच्या स्मरणार्थ अशी पेटी बसविण्यांत आली. आयुष्यभर जो त्या माळावर हिंडला, त्याला भेटावयाचें तर तेथवर पायीं गेलेंच पाहिजे.

आपल्या मुंबईची रीत अगदीं उलट. येथें स्मरण करावयाचें तें भर रस्त्यांत, आणि पाण्याच्या रूपानें. फोर्टांत मिंट रोडवर रतनशी मुळजी ह्यांनीं आपल्या मुलाच्या, धरमशीच्या, स्मरणार्थ बांधलेलें कारंजें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. बोरीबंदरचें स्टेशन ज्यानें उभारलें त्या स्टीव्हन्सचीच ती रचना. माथ्यावर पुस्तक वाचीत बसलेला एक मुलगा आहे. धरमशी पंधराव्या वर्षीं गेला. ज्या बापानें तो मुलगा तेथें बसविला, त्याच्या मनांत काय असेल, हें सांगण्याची माझी ताकद नाहीं. शहरांत ठिकठिकाणीं अशा पाणपोया आहेत. तहानलेला हमाल पाणी पिई, आणि नांव वाचतां येवो न येवो, दुवा देऊन जाई. मला स्वतःला हीच रीत अधिक उदार वाटे, आणि भाच्याला मीं तसें लिहिलेंहि.

त्याचें उत्तर आलें : "मामा, कारंजें बांधण्याइतके पैसे माझ्याजवळ नाहींत. आणि दादामामाला गर्दी कुठें आवडायची?"

हें मात्र खरें होतें. दादा रोज पहांटे छत्री घेऊन किनाऱ्यावर जाई तो माणसें येण्याच्या आधीं, आणि फिरावयास लोक जमूं लागले कीं परते. भाच्यानें कोरलेला शिक्का त्या छत्रीचाच आहे.

अशी पेटी दादरासच कां ठेवूं नये, असा विचार माझ्या मनांत येऊन गेला. परंतु येथील वाळू भरती-ओहोटीबरोबर जागा बदलते, आणि पावसाळ्यांत वहीचा लगदा होण्यास एक आठवडा पुरे. शिवाय १९९३ च्या स्फोटांनीं होरपळलेल्या ह्या शहरांत बेवारस डबा दिसतांच लोक पोलिसांस बोलावतील, आणि त्यांचें कांहीं चुकलें असें मी म्हणणार नाहीं. बेवारस वस्तूस हात लावूं नका, ही सूचना लोकलगाडींत आपण रोज ऐकतों.

सहा महिन्यांत त्या वहींत अकरा शिक्के उमटले आहेत. भाच्यानें एका पानाचें छायाचित्र पाठविलें. त्यावर एक कासव आहे, एक सायकल आहे, आणि खालीं कोणा लहान मुलानें वाकड्या अक्षरांत विचारलें आहे कीं, हा छत्रीवाला कोण होता? मीं एका मोठ्या खोडरबरावर ब्लेडनें चपलांचा जोड कोरावयास घेतला आहे. दादाच्या मागें मी नेहमीं दहा पावलें असें. डाव्या चपलेचा आंगठा तुटला. दुसरें रबर आणलें आहे.