अर्चिन मेले, प्रवाळ अडचणीत आले
कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांचं दुखणं समजून घ्यायचं तर आधी सी-अर्चिनकडे पाहावं लागतं. डायाडेमा नावाचा हा काळा प्राणी लांब, टोकदार काट्यांमुळे पोहणाऱ्यांना नकोसा वाटतो. पण रात्री तो खडकांवरचं शेवाळ खरवडून खातो, आणि प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला असाच स्वच्छ खडक लागतो.

1983 मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ हे अर्चिन मरू लागले. साधारण वर्षभरात साथ कॅरिबियनभर पसरली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच कमी झाले होते. 1980 च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळही मोडले होते. अर्चिन गेल्यावर शेवाळाला रान मोकळं मिळालं.

सांबरशिंगासारख्या फांद्यांचे ॲक्रोपोरा गटातले दोन प्रवाळ तर रोगानेही झोडपले गेले. 2006 मध्ये अमेरिकेने त्यांना कायद्याने संकटग्रस्त ठरवलं. मोडलेल्या फांदीपासून नवी वसाहत उभी राहते, म्हणून पाण्याखालच्या रोपवाटिकांत तुकडे वाढवून ते खडकांवर लावले जातात. उपाय चांगलाच, पण पाणी थंड राहिलं तर! 2023 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्र इतका तापला की रोपवाटिकांतले तुकडे उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले.

त्याआधी, 2022 मध्ये, अर्चिनांवर पुन्हा साथ आली होती. या वेळी कारण सापडलं: एक एकपेशीय, केसाळ सूक्ष्मजीव. तांबड्या समुद्रातल्या अर्चिनांच्या मृत्यूमागेही पुढे तोच निघाला.